ओटीएनवर इथरनेटची बँडविड्थ: लवचिक हवी की ठरीव?

तारकरी:
परवा कामावर यावरून जुंपली, म्हणून धागा काढतोय: ओटीएनवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या फायबरवरच्या वाहतूक जाळ्यावर, ग्राहकाला ठरीव मापाची जागा द्यावी की हवी तेवढीच? ग्राहकाचा पोर्ट १० गिगचा (गिगाबिट प्रति सेकंद), पैसे भरतो ३ गिगचे. ठरीव पद्धतीत त्याला अख्खा ओडीयू२ (१० गिगचा ठरीव कंटेनर) जातो, म्हणजे सव्वा-सव्वा गिगचे ८ स्लॉट. ओडीयूफ्लेक्सवर (हवे तेवढेच स्लॉट घेणारा कंटेनर) ३ स्लॉटांत भागतं, उरलेले ५ दुसऱ्याला विकता येतात. उद्या त्याला साडेचार गिग लागले तर २०११ च्या जी.७०४४ या आयटीयू मानकातलं एचएओ (कंटेनरचं माप बदलायची पद्धत) आहेच. चालू सेवेत, एकही फ्रेम न सांडता चौथा स्लॉट जोडायचा.

पॅकेटप्रेमी:
पाच विकलेत ना? मग चौथा आणणार कुठून? आणि विकले नाहीत तर वाचवलं काय?
शिवाय एचएओ वाटेतल्या प्रत्येक नोडला यावं लागतं. मध्ये एक जुना डबा (उपकरण) निघाला की बसा हात चोळत.

तारकरी:
जुन्या डब्याचं मान्य. पण हिशेब एका ओडीयू२ चा नसतो हो. ओडीयू४ मध्ये (१०० गिगचा कंटेनर) ८० स्लॉट असतात, वीस-पंचवीस ग्राहक त्यात बसतात. सगळे एकाच दिवशी थोडेच वाढवून मागतात?

पॅकेटप्रेमी:
यालाच आम्ही राउटरवाले स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सिंग म्हणतो! फिरून फिरून आमच्याच दारात आलात. राउटर हेच दर मिलिसेकंदाला करतो, तेही स्लॉट न मोजता.

तारकरी:
करतो, पण गर्दी झाली की रांगेत सगळ्यांनाच उभं करतो. आमच्याकडे नकार मिळाला तर वाढवून मागणाऱ्याला मिळतो. आधी दिलेल्या स्लॉटला कोणी हात लावत नाही, विलंबही हलत नाही. बँकेचं डेटा सेंटर याचेच पैसे मोजतं.

जुनाखोडा:
दोघेही मोठ्या गिऱ्हाइकांचंच बोलताय. माझं गिऱ्हाईक ५० मेगाबिटचं. त्याला सव्वा गिगचा स्लॉट म्हणजे एका माणसासाठी अख्खी एसटी. एसडीएचमध्ये (ओटीएनच्या आधीचं वाहतूक तंत्र) २-२ मेगाबिटचे व्हीसी-१२ कंटेनर जोडून, एलकॅस या पद्धतीने चालू सेवेत कमीजास्त करून आम्ही हेच करत होतो. आता एफजीओटीएनमध्ये (ओटीएनचा बारीक मापाचा प्रकार) सुमारे १० मेगाबिटच्या पायऱ्या आल्यात म्हणे. म्हणजे जे मोडीत काढलं तेच नव्या डब्यात.

पॅकेटप्रेमी:
+१
तारकरी, खरं सांगा, एचएओ प्रत्यक्ष किती वेळा चालवलंत?

तारकरी:
दोनदा. दोन्ही वेळा लॅबमध्ये. हसा आता.