दख्खनचा १८७५ चा उठाव: दोषी सावकार की इंग्रज सरकार?

धागाकर्ता:
१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि मागितलं काय तर कर्जरोखे आणि वह्या, त्या मिळाल्या की जाळल्या. मग हे लोण नगर जिल्ह्यातही गेलं. सगळे याला सावकारांविरुद्धचा दंगा म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं. रयतवारीत, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा द्यायच्या पद्धतीत, तो रोख भरायचा, पीक बुडालं तरी भरायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस तेजीत होता, १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडले आणि नेमकं त्यानंतरच इंदापूर वगैरे तालुक्यांत फेरआकारणी करून सारा जबर वाढवला!

प्रतिसाद १:
नाही पटलं. सावकाराला एवढं सहज सोडू नका. पैसे फेडले तरी पावती नाही, रोख्यात काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नाही, आणि शेवटी जमीन त्याच्याच घशात. शिरूर तालुक्यातल्या करड्याच्या लोकांनी १८७४ मध्येच बहिष्कार घातला तो सावकारावर, कलेक्टरवर नाही. आपल्याला कोण लुबाडतंय हे त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

धागाकर्ता:
अहो पण सावकार पेशवाईतही होताच की, तेव्हा त्याला गावाला धरून राहावं लागायचं. इंग्रजांच्या दिवाणी कोर्टात कागद म्हणेल ते खरं, हुकूमनामा मिळाला की जप्ती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षं चालणार असं ठरवलं, हेतू हा की व्याज साचू नये, झालं भलतंच, मुदत संपत आली की नवा रोखा आणि साचलेलं सगळं व्याज मुद्दलात. हे हत्यार सावकाराला कुणी दिलं?

प्रतिसाद २:
पण उठावानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने तर साऱ्याचा बोजा हे कारण नाही असंच म्हटलंय ना?

प्रतिसाद ३:
आयोग नेमला कुणी ते बघा, सरकार स्वतःच्याच साऱ्याला दोष देईल कसं. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणाऱ्या कायद्याने कर्जापायी होणारी अटक बंद केली, रोख्यामागचा खरा हिशोब तपासायचा अधिकार कोर्टाला दिला, म्हणजे आपल्याच कोर्टांनी वाट लावली हे मान्यच केलं की.

प्रतिसाद १:
कोर्टांचं मान्य. पण खोटा हिशोब लिहिणारा हात सरकारचा नव्हता, आणि म्हणूनच लोकांनी मामलेदार कचेरी सोडून आधी वह्या पेटवल्या, यावर मी ठाम आहे.