कोरी माशाच्या अंगावर पांढरा कापूस, बुरशीच ना?

धायरीची_माऊ: नमस्कार मंडळी. दोन फुटी टाकी, साधारण ७० लिटर. सहा ब्राँझ कोरी, एक सकर. परवा दिवा बंद करायला गेले तर ढमीच्या (लेकीने ठेवलेलं नाव) पाठीच्या परामागे ज्वारीएवढा पांढरा पुंजका. आज वाढलाय. खाते, पण बाकीच्यांत मिसळत नाही, हीटरमागे बसून राहते. दुकानदाराने मॅलाकाइट ग्रीन (बुरशीवरचं औषध) दिलंय. म्हणाला, बाटलीवर लिहिलंय तेवढं टाका, मूठभर मीठ घाला, हीटर ३० वर ठेवा. करू का?

टाकीपुराण: ताई, बाटली आधी फडताळात ठेवा. कोरीला खवले नसतात, अशी औषधं तिला लवकर बाधतात. मूठभर मीठही नको. हीटर वाढवणं हा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचा उपाय, तो इथे चिकटवू नका.

पुंजका कापसासारखा उभा राहून पाण्यात हलतो का? मग बहुधा बुरशी. सायीसारखा चपटा, पिवळट, तोंडाभोवती पसरणारा असेल तर तो कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणू. त्यावर बुरशीचं औषध चालत नाही आणि उबेत तो आणखी फोफावतो. शिवाय बुरशी धडधाकट कातडीवर सहसा बसत नाही, आधी जखम लागते. खडीवरून हात फिरवून बघा. मिशा शाबूत आहेत का? पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) किती?

गप्पीवाला: आमच्याकडे चिमूटभर हळद टाकतात.

टाकीपुराण: आमच्याकडेही. आमटीत.

धायरीची_माऊ: 😄 हलतो, कापूसच. मिशा मात्र निम्म्या झिजल्यात. निळी रंगीत खडी आहे, हात फिरवला तर खरखरीत लागली. अमोनिया ०.५ निघाला. आणि एक कबुली: रविवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला होता. स्वच्छ, पांढराशुभ्र.

टाकीपुराण: सापडलं! नळाच्या क्लोरीनने स्पंजातले अमोनिया पचवणारे कामाचे जिवाणू मेले, त्यामुळे अमोनिया चढला. पुढच्या वेळी टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा. तोवर खाणं कमी, रोज पाव टाकी पाणी बदला. नळाचं असो वा टँकरचं, त्यातला क्लोरीन काढून टाकल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

ढमीला बादलीत वेगळं काढा, टाकीचंच पाणी, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू. जाळी वापरू नका, छातीच्या पराचा काटा जाळीत अडकतो. वाडग्यात घ्या. बादलीत मिथिलिन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध), बाटलीवरच्या मात्रेच्या अर्धं. मोठ्या टाकीत ते ओतलंत तर फिल्टरचे उरलेसुरले जिवाणूही जातील. बादलीला फिल्टर नाही, म्हणून पाणी रोज बदला, जितकं बदलाल तितक्याच पाण्यापुरतं औषध परत घाला. मध्येच वर येऊन हवेचा घोट घेतला तर घाबरू नका, कोरी आतड्यातून श्वास घेते. सारखीच वर येऊ लागली तर मात्र पाणी तपासा.

धायरीची_माऊ: आज पाचवा दिवस. कापूस गळून पडला, खाली गुलाबी वण आहे. अमोनिया ०. निळी खडी काढून बारीक गोल वाळू घातली. ढमीला उद्या परत सोडते. बादली ह्यांच्या आंघोळीची होती. आतून निळी झालीये ती काही केल्या जात नाही. उपाय असेल तर सांगा, ते शुक्रवारी टूरवरून येतायत.