मदत हवी आहे: सिंधू संस्कृतीत राजा होता की नव्हता?

मुख्य परीक्षेच्या सरावासाठी १५० शब्दांचं उत्तर लिहायचंय: मेसोपोटेमिया, इजिप्त आणि सिंधू संस्कृतीतली सत्ता व धर्म. नार्मेरची पाटी (इजिप्तच्या राजाचं कोरीव शिल्प) आणि हम्मुराबीचा स्तंभ (बॅबिलोनच्या राजाचे कायदे कोरलेला) घेऊन पहिल्या दोन्हींचं जमतं. सिंधूपाशी गाडी अडते. एका नोट्समध्ये 'पुरोहित-राजा राज्य करी', दुसरीत 'राजाच नव्हता'. काय लिहावं?

प्रतिसाद १
दोन्ही नको. 'पुरोहित-राजा' हे आधुनिक अभ्यासकांनी ठेवलेलं नाव. ज्या मूर्तीला ते दिलं, ती मोहेंजोदडोची शंखजिऱ्याची (मऊ दगडाची) मूर्ती जेमतेम १७.५ सेंमी उंच, तीही भंगलेली, आणि तिच्यावर एक अक्षर नाही. सुमेरमधली (दक्षिण मेसोपोटेमिया) पुरोहित-राजाची कल्पना इकडे चिकटवली गेली, इतकंच.

आणि हम्मुराबी काढा. तो इ.स.पू. १७५० च्या आसपासचा. तोवर सिंधूची मोठी नगरं ओस पडत आली होती. त्याऐवजी सुमेरमधल्या उर नगरातल्या राजसमाध्या घ्या, साधारण इ.स.पू. २५०० च्या. राणी पुआबीच्या समाधीत तिच्या नावाची मुद्रा मिळाली; तिथल्याच दुसऱ्या एका खड्ड्यात ७४ जणांचे सांगाडे. सिंधू खोऱ्यात असं एकही दफन सापडलेलं नाही. तुमच्या उत्तराचा कणा हाच.

प्रतिसाद २
+१. पण 'राजा नाही म्हणजे सत्ता नाही' अशी उडी मारू नका, गुण तिथेच जातात. विटांचं १:२:४ प्रमाण, चर्टची (एक कठीण दगड) घनाकृती वजनं (सुमारे १३.६ ग्रॅमचं मूळ वजन, मग दुप्पट, चौपट) हडप्पापासून लोथलपर्यंत सारखीच. कुणीतरी मापं ठरवत होतं आणि ती पाळली जात होती. तो एक राजा, नगरसभा की व्यापाऱ्यांचे गट, हे लिपी वाचता येत नसल्याने अनुमानच, तसंच लिहा.

धर्माला दोन ओळी पुरेत. मोहेंजोदडोचं महास्नानगृह १२ × ७ मीटर, खोली २.४ मीटर, डांबराचा थर देऊन गळती रोखलेली: ही वस्तुस्थिती. 'विधीसाठी स्नान' हा तर्क. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरच्या, प्राण्यांनी वेढलेल्या शिंगधारी आकृतीला सरळ 'शिव' म्हणू नका, 'तथाकथित पशुपती' लिहा.

धागाकर्ता
आभार! महाराष्ट्रातल्या दायमाबादचा कांस्य रथ घालू का?

प्रतिसाद २
नको. तो रथ ज्यात होता तो प्रवरेकाठचा कांस्यवस्तूंचा साठा १९७४ मध्ये योगायोगाने हाती लागला, शास्त्रीय उत्खननातल्या थरातून नव्हे. त्यामुळे काळावरच वाद आहे. शिवाय राजाच्या प्रश्नाला तो काहीच उत्तर देत नाही. ते २० शब्द वजनांवर खर्च करा.