ओठावर फोड आलाय, कशामुळे असेल?

अबोली: खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका आलाय, आत पाणी दिसतंय, आधी नुसतं चुरचुरत होतं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा पी. मागच्या आठवड्यात ताप होता आणि परवा कच्च्या कैऱ्याही खाल्ल्या, मग नक्की कशामुळे?

रानवारा: कैरीचा चीक असणार. आमच्याकडे कोकणात मे महिन्यात पोरांचे ओठ असेच होतात, देठ न धुता दातांनी तोडतात ना. ओल्या काजूगराच्या सालीचा चीक तर त्याहून वाईट, भाजल्यासारखं होतं.

नीलपंख: चीक असता तर लागेल तिथे खाज आणि लाली आली असती. आधी चुरचुर मग पाण्याचे फोड, तेही तापानंतर, म्हणजे हर्पीस वाटतोय ताई. नाव ऐकून घाबरू नका, व्हायरस बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि नसांमध्ये झोपून राहतो, मग ताप, ऊन, जागरण, पाळी असं काही झालं की परत वर येतो. ८-१० दिवसात खपली धरून जातो. असायक्लोविर (या व्हायरसवरचं मलम) लावायचं तर चुरचुर सुरू होताच, नंतर फारसा उपयोग नाही. फोडू नका, आणि घरात तान्हं बाळ असेल तर पापी अजिबात नको.

चहाबाज: माझा ओठाच्या आतल्या बाजूला होता, एकच, गुळगुळीत, दुखत नव्हता. दाताखाली ओठ चावला जाऊन लाळेची नळी तुटते म्हणे. तो प्रकार वेगळा.

अबोली: दुखतंय आणि बाहेरच आहे. बाळ आहे हो जावेचं, आता लांबच राहते.

नीलपंख: डोळा दुखला किंवा २ आठवड्यात बरं नाही झालं तर डॉक्टरांना दाखवाच.