बाळाला जुन्या लुगड्याचीच गोधडी द्या

बारशाला जुन्या साड्यांची गोधडी दिली तर बरं दिसेल का, असं विचारलंय. अगदी निर्धास्त द्या! सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, बाळाला टोचत नाही. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं नि गोधडी चुरगळते. नायलॉन मात्र नको, घाम शोषत नाही.

भाचीच्या लेकीसाठी मी आईच्या नऊवारीची शिवली. थर आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घेतले, नाहीतर आतलं कापड गोळा होतं. मग धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. एका कोपऱ्यात आईच्या खणाच्या चोळीचा तुकडा लावला. भाचीनं तो लगेच ओळखला, बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली होती.