मदत हवी आहे: अँटिबायोटिक्सनंतर आईचं पोट ताळ्यावर येईना

आईचा (वय ६८) अँटिबायोटिक्सचा ७ दिवसांचा कोर्स संपून दोन आठवडे झाले, तरी पोट गुडगुडतंय. मऊ भात सोडून काही घेत नाही. भाकरी वाढली की ताट सरकवते. शेजारच्या काकू म्हणतात, प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवाणू असलेलं औषध) द्या. पण २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेच्या प्रयोगात अँटिबायोटिक्सनंतर ते घेणाऱ्यांचे आतड्यातले मूळचे जिवाणू उलट उशिरा परतले. २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगात तंतुमय, कमी चरबीचं खाणारे उंदीर अँटिबायोटिक्सनंतर लवकर सावरले. जास्त चरबीचं खाणाऱ्या उंदरांना बाहेरून जिवाणू देऊनही फारसा उपयोग झाला नाही. (आई उंदीर नाही, मान्य!) सोमवारी डॉक्टरांना दाखवतोच आहे. तोवर ज्वारी, मुगाची उसळ, ताक यातलं आधी काय आणि किती सुरू करावं? कुणाचा घरचा अनुभव?