तळ्याकाठची खोली आणि पहाटेचा गारठा
"पाण्यालगतच खोली घ्या, बाकी सगळं दुय्यम" असा सल्ला डोंगरांमधल्या तळ्यावर सुट्टीला जाणाऱ्यांना दिला जातो, तो उन्हाळ्यापुरता पटतो. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि दरीच्या तळाशी साचते. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटे काठावर धुकं आणि बोचरा गारठा, तर शे-दोनशे मीटर वर चक्क ऊब, असं बऱ्याचदा होतं. शिवाय डोंगराची सावली! उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त वेळ टिकतं. मी तरी नकाशात आधी उताराची दिशा बघतो, तळं दिसतं का ते नंतर. (जाहिरातीतले फोटो काय, सगळे भर दुपारचेच.)

मुलं दिवसभर पाण्यात खेळणार असतील तर मात्र काठच बरा, रोजचा चढउतार नको.